रुफीनाकाकूंचा पलंग

सेविलमध्ये उन्हाळ्याशी कुणी भांडत बसत नाही. जून उजाडला की माणसं वरचा मजला गुपचूप त्याच्या ताब्यात देतात आणि आपलं चंबूगबाळं उचलून तळमजल्यावर राहायला जातात. हिवाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली. गाद्या, कपाटं, कुंड्या, पिंजऱ्यातला पक्षी, भिंतीवरचे संत, सगळे जिना उतरतात आणि ऑक्टोबरात पुन्हा चढतात. अंगणावर शिडाचं कापड ताणायचं, सकाळी खिडक्या घट्ट मिटायच्या, फरशीवर पाणी मारायचं, मातीची सुरई वाऱ्याच्या तोंडी ठेवायची, एवढं केलं की माणूस सप्टेंबरपर्यंत जिवंत राहतो असा तिथला पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. डॉन एवारिस्तो यांनाही हा सगळा अनुभव होता. नव्हता तो फक्त पलंग उतरवण्याचा.

घर रुफीनाकाकूंचं. डॉन एवारिस्तो हे त्यांचे पुतणे, आणि एका नोटरीच्या कचेरीत मुख्य कारकून. सातुर्नीनोकाका वारल्यापासून तळमजला एका टोपीवाल्याला भाड्याने दिलेला होता, त्यामुळे घरातली सगळी मंडळी बारा महिने वरच शिजत होती. यंदा वसंतात टोपीवाला लग्न करून कादिसला गेला आणि इतक्या वर्षांनी खालच्या थंड खोल्या मोकळ्या झाल्या. डॉक्टरांनीही काकूंची नाडी पाहून बजावलं, "यंदाचा उन्हाळा यांना त्या छपराखालच्या खोलीत काढू देऊ नका. छाती आता पूर्वीची राहिलेली नाही."

डॉन एवारिस्तो यांची बायको आंपारो हिने दोन दिवसांत सगळं घर खाली नेलं. खालच्या खोलीला चुना लावला, काकूंसाठी नवी लोखंडी खाट मांडली, तिच्यावर तागाची स्वच्छ चादर घातली. मग नवराबायको दोघं काकूंना न्यायला वर गेले. काकू आपल्या पलंगावर पंखा हलवत बसल्या होत्या.

"मी नाही येत," काकू म्हणाल्या.

"का हो काकू?"

"माझ्या पलंगाशिवाय मला झोप लागत नाही. लग्नापासून याच पलंगावर झोपलेय. त्या लोखंडी खाटेवर कैद्यांना झोपवा."

पलंग पाहण्यासारखा होता यात शंका नाही. सातुर्नीनोकाका नदीकाठी होड्या बांधत, आणि हा पलंगही त्यांनी होडीसारखाच बांधला होता. अक्रोडाचं लाकूड, हिरवा रंग, उशाशी गुबऱ्या गालांचे दोन देवदूत आणि मध्ये एक कबुतर. सगळ्या फळ्या एकमेकींत ठोकून, सरस भरून बसवलेल्या. कुठे एक खिळा नाही, स्क्रू नाही. तो सोडवायचा तर कुऱ्हाडच लागली असती.

"काका होते तेव्हा उन्हाळ्यात हा पलंग कुठे असायचा?" आंपारोने विचारलं.

"जून लागला की ते हलवायचे. दर वर्षी. मदतीला एक पाणक्या असायचा फक्त." काकूंनी पुतण्याच्या दंडांकडे एकवार पाहिलं आणि पुन्हा पंखा हलवायला सुरुवात केली.

ते पाहणं डॉन एवारिस्तो यांच्या जिव्हारी लागलं. माणूस मुख्य कारकून असला म्हणून काय झालं? त्यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि पलंगाची एक बाजू उचलून पाहिली. मग कोट परत घातला आणि म्हणाले, "या कामाला आधी विचार करायला हवा."

विचार करण्याची त्यांची पद्धत अशी की आधी सगळ्या गल्लीला विचारायचं. न्हाव्याने सल्ला दिला की पलंगाला साबण चोळा, आपोआप घसरेल. कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला की गच्चीवरून दोर लावून अंगणात सोडा, पण मधलं शिडाचं कापड आधी काढा. म्हणजे भर जूनमध्ये घर उघडं टाका! दारवानबाई कास्ता गेली अनेक वर्षं दरवाजा मिटू नये म्हणून लावलेल्या लाकडी ठोकळ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायची. ती म्हणाली, "पाद्र्यांना बोलवा. मला त्या पलंगाचं लक्षण ठीक दिसत नाही." आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारे डॉन फाकुन्दो म्हणाले, "एवारिस्तो, तुम्ही लाज आणलीत. मी या घरात राहत असताना तुम्ही न्हाव्याला विचारलंत?"

डॉन फाकुन्दो हे ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहाच्या मिरवणुकीत देवीच्या मूर्तीच्या चौथऱ्याचे नायक होते. म्हणजे तीस-चाळीस हमाल त्या अजस्र चौथऱ्याच्या पोटात शिरून तो मानेवर घेतात, त्यांना बाहेरचं काही दिसत नाही, आणि डॉन फाकुन्दो बाहेरून हातोडीचा ठोका देऊन आणि नुसत्या तोंडाने तो चौथरा चिंचोळ्या गल्ल्यांतून वळवून नेतात. निदान ते स्वतः तरी असं सांगत. देवळाच्या दारातून चौथरा काढताना खांबाला मेणबत्तीचा थेंबही लागत नाही, हे त्यांच्याकडून गल्लीतल्या प्रत्येकाने ऐकलेलं होतं.

"अहो, जिना मोजून घ्या आधी," आंपारो म्हणाली.

"मोजायचं काय त्यात?" डॉन फाकुन्दो हसले. "पलंग वर आहे की नाही? आहे. मग तो याच जिन्याने वर गेला. गेला तसा येईल."

या युक्तिवादात डॉन एवारिस्तो यांना तसूभरही फट दिसली नाही. मुख्य कारकुनाला तर्कशास्त्राचा मान ठेवावाच लागतो.

शनिवारी सकाळी, ऊन तापायच्या आत, डॉन फाकुन्दो नदीच्या धक्क्यावरून आपले चार भरवशाचे हमाल घेऊन आले. हमालांनी रिवाजाप्रमाणे गोणपाटाची वळकटी डोक्यावरून मानेवर घेतली आणि पलंगाखाली शिरले. डॉन फाकुन्दोंनी आंपारोचा पितळी बत्ता मागून घेतला आणि देवदूतांच्या मधल्या कबुतरावर ठोका दिला.

"तयार?"

"तयार!" पलंगाखालून आवाज आला.

"सगळे एकदम! उचला, थेट स्वर्गात!"

"खाली न्यायचाय ना रे?" काकू दारातून म्हणाल्या.

पलंग उठला. खरंच उठला! आणि अशा काही डौलाने दारातून बाहेर पडला की डॉन एवारिस्तो यांना गहिवरून आलं. "डावीकडे हळू... उजवा पाय मागे... शाब्बास, माझ्या वाघांनो!" असं म्हणत डॉन फाकुन्दोंनी तो जिन्याच्या वरच्या अर्ध्या भागातून पायरी पायरीने उतरवला. अर्ध्यावर मोठा चौक होता. तिथे जिना वळतो, आणि त्या चौकाला गल्लीकडची एक खिडकी आहे. पलंग चौकात आला आणि तिथे एक अडचण उभी राहिली, ती अशी की समोरच्या घरातल्या म्हातारीने खिडकी उघडली.

गल्ली एवढी अरुंद की दोन खिडक्यांतली माणसं एकमेकांना मीठ देऊ शकतात. म्हातारीला दिसायचं कमी. तिला खिडकीत एवढंच दिसलं की दोन देवदूत डोलत डोलत येताहेत, खालून हमालांच्या पावलांचा तोच ओळखीचा आवाज येतोय आणि कुणीतरी ठोका देतंय. तिने छातीवर क्रूस केला, कठडा घट्ट धरला आणि देवीच्या मिरवणुकीत गातात ते आर्त गाणं टिपेच्या सुरात सुरू केलं.

आता, असं गाणं सुरू झालं की चौथरा जागच्या जागी थांबवतात. गाणं संपेपर्यंत हलत नाहीत. ही रीत मोडणारा माणूस सेविलमध्ये अजून जन्मायचा आहे. डॉन फाकुन्दोंनी टोपी काढली. हमाल पलंगाखाली थांबले, आणि पलंग जसा होता तसा, तिरका, अर्धा वळलेला, खाली टेकला. म्हातारीचा दम मोठा होता. गाण्याची कडवी संपेनात. खाली गल्लीत लोक जमले, कुणी डोळे पुसले, एकाने विचारलं की ही कुठली देवी. आणि गाणं संपून पुन्हा ठोका पडला तेव्हा पलंग ना पुढे जाईना ना मागे. एक पाय कठड्यात गेला होता, देवदूतांची डोकी वरच्या तिरक्या छताला भिडली होती.

"जोर लावा!"

हमालांनी जोर लावला. पलंग कण्हला आणि आणखी घट्ट बसला. मग हमाल खालच्या बाजूने सरपटत बाहेर आले आणि त्यांनी नम्रपणे सांगितलं की धक्क्यावर जहाज लागलंय. ते गेले ते गेलेच.

मागे उरलेली परिस्थिती सांगायलाच हवी. काकू आणि वरचे बाकीचे भाडेकरू पलंगाच्या वरच्या बाजूला. आंपारो, स्वयंपाकघर आणि विहीर खालच्या बाजूला. डॉन फाकुन्दो पलंगाच्या वरच्या टोकाला, बत्त्यासकट. आणि घराचे कर्ते पुरुष डॉन एवारिस्तो, जे खिडकीजवळ राहून "सावकाश, सावकाश" म्हणत होते, ते देवदूतांच्या मागे, खिडकी आणि पलंग यांच्यामधल्या कोनाड्यात बंद झाले होते. डोक्यावर गवती हॅट, गळ्यात टाय. गल्लीतून ते सगळ्यांना छातीपर्यंत दिसत होते.

"डॉन एवारिस्तो, आज कचेरी नाही वाटतं?" न्हाव्याने खालून विचारलं.

"आहे. पण मी घरून काम पाहतोय," डॉन एवारिस्तो शक्य तितक्या थंडपणे म्हणाले.

"साबण लावला होतात का?"

माणसाचा स्वाभिमान दुखावला की तो खिडकी लावून घेतो, पण ही खिडकी आतल्या बाजूला उघडणारी होती आणि तिच्या झडपेच्या वाटेत ते स्वतःच उभे होते.

दुपार चढली. वरचे भाडेकरू गच्चीतून टोपली सोडून पाणी मागवू लागले. आंपारोने पलंगाखालून काकडी-टोमॅटोच्या थंड साराचा वाडगा सरकवला, तो डॉन एवारिस्तो यांनी उभ्यानेच प्यायला. काकू वरच्या पायरीवर उशी घेऊन बसल्या होत्या. मधूनमधून धाप लागल्यासारखा त्यांचा श्वास ऐकू यायचा, आणि तो ऐकला की डॉन एवारिस्तो पलंगाला खांदा लावून पाहायचे. काका वारल्यानंतर, लहानपणीच, त्यांची आई गेली आणि तेव्हापासून याच बाईने त्यांना वाढवलं होतं. तिने आजवर एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्यांनी जिन्यात अडकवून ठेवली होती.

तेवढ्यात नगरपालिकेचा शिपाई आला. तक्रार कुणी केली ते कळलं नाही, पण वाण्याचा संशय येण्यासारखा होता.

"मिरवणुकीची परवानगी आहे?" शिपायाने खालच्या पायरीवरून विचारलं.

"ही मिरवणूक नाही, पलंग आहे!" डॉन एवारिस्तो कोनाड्यातून ओरडले.

"हमालांनी मानेवर घेतला होता?"

"हो, पण..."

"ठोका दिला होता?"

"नियमाप्रमाणेच दिला होता," डॉन फाकुन्दो अभिमानाने म्हणाले.

"गाणं झालं होतं?"

"अहो, ती समोरची म्हातारी..."

"मग मिरवणूकच ती. ईस्टर होऊन गेल्यावर, आर्चबिशपसाहेबांना न कळवता. शिवाय जिना अडवलाय. वर माणसं कोंडलेली आहेत, उद्या कुणाला काही झालं तर मला विचारतील." शिपायाने कपाळ पुसलं. मुळात तो भला माणूस होता, पण ऊन कुणाला भलं राहू देत नाही. "सुताराला आणतो. करवतीने चार तुकडे करा आणि विषय संपवा."

सुतार आला. करवतही आली. शिपायाने डॉन एवारिस्तो यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही घरातले कर्ते. हो म्हणा, म्हणजे लगेच बाहेर निघाल."

डॉन एवारिस्तो यांचे पाय दुखत होते. टाय गळ्याला काचत होता. गल्लीत अख्खा मोहल्ला उभा होता, आणि त्यात त्यांच्या कचेरीतले दोन उमेदवार कारकूनही होते, हे तर त्यांनी केव्हाच पाहिलं होतं. त्यांनी देवदूतांच्या मधून वर बघितलं. काकूंचा पंखा थांबला होता. काकू करवतीकडे बघत होत्या.

"नाही," डॉन एवारिस्तो म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही! करवत लावायची तर आधी मला लावा. मी इथे ऑक्टोबरपर्यंत उभा राहीन. जेवण पलंगाखालून येतं, ते येत राहील. कचेरीला सांगा, मुख्य कारकून जिन्यात राहायला गेले. माझ्या काकाने हा पलंग हाताने बांधलाय आणि माझ्या काकूला याच्याशिवाय झोप लागत नाही. बस्स!"

समोरच्या म्हातारीने भावनेच्या भरात पुन्हा एक तान घेतली, पण तिला कुणीतरी गप्प केलं.

काकू उठल्या. कठडा धरून पलंगापर्यंत खाली आल्या आणि डॉन फाकुन्दोंना म्हणाल्या, "व्हा बाजूला, नायक. आणि तो बत्ता द्या इकडे, चटणी करायची असते त्याने." मग पुतण्याकडे वळल्या. "एवारिस्तो, तू गावाला विचारलंस, न्हाव्याला विचारलंस, या महाशयांना विचारलंस. मला का नाही विचारलंस?"

"काय विचारायचं होतं काकू?"

"पलंग कसा हलवायचा ते! खिडकीकडचा पाय उचल. उचल रे, हातभर. सुतार, तुम्ही ती करवत ठेवा आणि पायाकडून आत ढकला. भिंतीकडे. हं. कास्ता! ए कास्ता! तू बसतेस तो ठोकळा आण."

"माझा ठोकळा?" कास्ता दारातून म्हणाली.

"तुझा कधीपासून झाला तो? आण म्हणते ना!"

ठोकळा आला. वर्षानुवर्षांच्या बसण्याने त्याचा वरचा रंग गेला होता, पण तळाशी तो अजून हिरवा होता. काकूंनी तो खालच्या पायरीवर ठेवायला लावला, पलंगाचा अधांतरी पाय त्यावर टेकवायला लावला, आणि पलंग एक सुस्कारा टाकून सपाट झाला. उशाकडची बाजू खिडकीला लागली, कड भिंतीला चिकटली, कठड्याच्या बाजूने माणूस आरामात जाईल एवढी वाट मोकळी झाली. डॉन एवारिस्तो पलंगावरून रांगत बाहेर आले. वरची मंडळी एकेक करून खाली उतरली. शिपायानेही त्या वाटेवरून दोनदा ये-जा करून पाहिली आणि जिना अडलेला नाही असं जाहीर केलं.

"आता खाली कसा न्यायचा?" डॉन फाकुन्दोंनी विचारलं.

"खाली जात नाही तो," काकू म्हणाल्या आणि पलंगावर आडव्या झाल्या.

"अहो, पण वर गेला तेव्हा..."

"वर गेला असं तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी तो वरच्या खोलीतच बांधला. फळ्या नेल्या होत्या वर, पलंग नव्हता नेला."

डॉन फाकुन्दो पायरी पायरीने मागे सरकत आपल्या खोलीकडे निघाले. त्यांना अशी माघार घेताना गल्लीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मोहल्ला पांगला. दुपारची झोपेची वेळ झाली, घराघरांतल्या झडपा मिटल्या. खालच्या अंगणातून, शिडाच्या सावलीतून आणि नुकत्याच शिंपडलेल्या फरशीवरून निघालेली हवा जिन्याने वर येत होती, वरच्या गच्चीच्या दारातून बाहेर पडत होती आणि वाटेत त्या खिडकीतून गल्लीची सावली आत ओढून घेत होती. डॉन एवारिस्तो पायथ्याशी बसले होते. सकाळपासून कोनाड्यात उभं राहूनही आपली कॉलर ओली झालेली नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. काकूंचा श्वास संथ झाला होता.

"काकू, काका दर वर्षी पलंग इथेच आणायचे?"

"तेव्हा खालच्या खोल्या सासूबाईंच्या. आम्हाला ती छपराखालची दिली होती. पहिल्या उन्हाळ्यात मी दोनदा चक्कर येऊन पडले. पण नव्या सुनेने चव्हाट्यावर, जिन्यात झोपायचं? सासूबाईंनी ऐकून घेतलं नसतं. मग एक दिवस तुझे काका म्हणाले, रुफीना, पलंग खाली नेतो. आणि इथे अडकला. सासूबाई काय काय बोलल्या! येडा म्हणाल्या, होड्या बांधतो आणि जिना कळत नाही म्हणाल्या. तेव्हाची सगळी गल्ली हसली. पण अडकला तो अडकला, झोपणार कुठे? झोपलो इथेच. ऑक्टोबरात वर नेला. पुढच्या जूनमध्ये पुन्हा म्हणाले, यंदा नक्की खाली नेतो."

"आणि पुन्हा अडकला?"

"दर वर्षी. आणि दर वर्षी सगळे हसायचे."

डॉन एवारिस्तो वाकले आणि पायाखालचा ठोकळा पाहू लागले. बरोबर पायरीच्या उंचीचा. वर पलंगाचा पाय बसेल अशी खाच कोरलेली. रंग पलंगाचाच, त्याच डब्यातला. चुकून अडकणाऱ्या पलंगासाठी कुणी असा ठोकळा बनवून ठेवत नाही.

"काकू..."

"होड्या बांधणारा माणूस तो," काकू डोळे मिटून म्हणाल्या. "त्याला काय जिन्याची रुंदी कळत नव्हती?"

"मग ते गेल्यावर तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं वर भाजत राहिलात!"

"त्यांनी कधी तोंडाने कबूल केलं नाही. मीही कधी विचारलं नाही. मग त्यांच्यामागे मी कशी सांगू?" काकूंनी कूस बदलली. "आता झोपू दे. आणि वरच्यांना सांग, जाता-येता बूट हातात घ्या."

त्या उन्हाळ्यात त्या घरातली माणसं बूट हातात घेऊन जिना चढली-उतरली. शिपायाला पाणी प्यायला त्याच घरात यायची सवय लागली, तोही बूट काढायचा. डॉक्टर येऊन नाडी पाहून गेले आणि खालच्या थंड खोलीची तारीफ करून गेले. त्यांना खरं सांगण्याचं कुणाच्या मनात आलं नाही. न्हाव्याने मात्र साबणाचा विषय वर्षभर सोडला नाही. कचेरीत उमेदवार कारकून डॉन एवारिस्तो यांना पाहिलं की टेबलावर हळूच ठोका द्यायचे. ऑक्टोबरात पलंग वर गेला, अगदी सहज.

पुढच्या वर्षी जून लागला तशी खिडक्याखिडक्यांतून माणसं वाट बघू लागली. डॉन एवारिस्तो यांनी कोट काढला, बाह्या सरसावल्या, तो हिरवा ठोकळा कुणाला दिसणार नाही अशा बेताने काखेत मारला आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काकू, यंदा नक्की खाली नेतो."

"नक्की हं," काकू म्हणाल्या, आणि आपली उशी घेऊन आधीच जिन्याच्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या.